तीर्थनला ट्राउटसाठी जाताय? मग हे वाचून जा

ऑक्टोबरच्या शेवटी हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात जाऊन आलो, सीझन बंद व्हायच्या अगदी तोंडावर. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या (थंड पाण्यातला मासा) पाण्यात मासेमारी पूर्ण बंद असते, त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत गळ घेऊन जायचा प्लॅन असेल तर तो आत्ताच बदला. मार्च-एप्रिल चांगला, नंतर बर्फ वितळून पाणी गढूळ आणि जोरदार होतं, मग पावसाळा, आणि पुन्हा सप्टेंबरअखेरपासून पाणी काचेसारखं स्वच्छ.

जायचं कसं तर दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची बस धरायची आणि औट बोगद्याच्या अलीकडे उतरायचं, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. तिथून बंजार, पुढे गुशैनी. लोकल बस मिळतात पण अंधार पडायच्या आत पोचा.

मत्स्य विभागाचं लायसन्स घेतल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. फक्त रॉड आणि दोरी चालते, जाळं नाही. किती मासे ठेवता येतात आणि केवढ्या लांबीच्या आतला सोडायचा हे लायसन्स घेतानाच विचारून घ्या. गेस्ट हाउसवाला म्हणेल की इथे कोण बघतंय, तरी घ्या. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत तर गळ नेऊच नका, ते २०१४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे.

आम्ही सगळे मासे परत सोडले. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा म्हणजे तो पटकन सुटतो, हात ओले करूनच मासा धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागू शकते. फोटो काढायचा तर मासा पाण्यातच राहू दे.

आता ज्यासाठी खरं हे लिहायला बसलो ते. ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालतो, मादी शेपटीने खडीत खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वर परत खडी लोटते, आणि ती अंडी तिथे महिनोन्‌महिने पडून असतात, खडीच्या फटींतून वाहणाऱ्या थंड पाण्यातूनच त्यांना ऑक्सिजन मिळतो. वरून गाळ बसला की अंडी गुदमरतात, कुणी पाय दिला की चिरडतात. म्हणजे बंदीच्या काळात मासेमारी थांबते पण पाय थांबत नाहीत! मोबाइलवर रील काढायला पाण्यात उतरणारे, दगडांवर दगड रचणारे, थेट नदीत गाडी घालून धुणारे, यांना कुठलं लायसन्स लागतं? माझ्या मते थंडीतली बंदी गळ न टाकणाऱ्यालाही लागू आहे असंच समजून वागायला हवं. उथळ पाण्यात आजूबाजूच्या तळापेक्षा उजळ, नुकतीच घासल्यासारखी खडी दिसली तर तिथून लांब राहा. आणि दगड उचलू नका, त्यांच्याखाली ज्या अळ्या असतात तेच माशांचं अन्न.

गावातली काही मुलं आणि होमस्टेवाले सीझन संपताना काठ साफ करतात, आम्हीही एक सकाळ त्यांच्यासोबत गेलो. चिप्सची पाकिटं, बाटल्या हे अपेक्षितच होतं, पण सगळ्यात चिकाटीचं काम नायलॉनची दोरी काढायचं, झुडपांत आणि दगडांच्या फटीत अशी गुंतलेली असते की कात्री लागते, आणि पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. तुम्हीही सामील व्हा, तुमच्या होमस्टेत विचारलंत तर कळेल. जाड हातमोजे, कात्री, पोती घरूनच न्या, बूट घट्ट ग्रिपचे हवेत, काचा बऱ्याच असतात. काम काठावरूनच करायचं. आणि गोळा केलेला कचरा नदीजवळ ढीग करून ठेवू नका, पुढच्या पुरात तो परत पाण्यातच जातो.

कुणी म्हणेल ब्राउन ट्राउट तर इंग्रजांनी आणून सोडलेला मासा, त्याचं एवढं काय. बरोबर आहे, इथला मूळचा मासा म्हणजे ‘असला’ (स्नो ट्राउट), आणि तो आता धोक्यात आहे, गळाला लागला तर लगेच सोडा. पण थंड, स्वच्छ, मोकळं वाहणारं पाणी दोघांनाही लागतं. तीर्थनवरचे छोटे जलविद्युत प्रकल्प इथल्या लोकांनी लढून थांबवले म्हणून ते पाणी आज दिसतंय, बियास खोऱ्यातल्या बाकीच्या नद्यांवरची धरणं बघून आलात की फरक लगेच कळतो.

जेवणाचं सांगायचं तर ट्राउट जरूर खा, पण फार्मचा, म्हणजे रेनबो ट्राउट. अंगावर गुलाबी पट्टा आणि शेपटीवर काळे ठिपके असतात. ब्राउनच्या अंगावर लाल ठिपके आणि त्यांच्याभोवती फिकट कडं असतं. बंदीच्या काळात नदीतला ताजा ब्राउन आहे म्हणून कुणी ताटात वाढत असेल तर तो चोरून मारलेला आहे, सरळ नाही म्हणा.