तीस दिवसांचा पुतळा

मुलगी सहा वर्षांची. लहान मेंदूतली गाठ, मेड्युलोब्लास्टोमा, ऑपरेशन करून काढली आणि जखम भरल्यावर ‘लाईट’ची तारीख मिळाली. आमच्याकडं कोल्हापुरात रेडिएशनला लाईटच म्हणतात, नाहीतर शेक. एकूण ३० लाईट, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. पहिल्या १३ अख्ख्या मेंदूला आणि मणक्याला, उरलेल्या १७ फक्त गाठीच्या जागेवर. रोज १.८ ग्रे (ग्रे म्हणजे लाईटच्या डोसचं माप), गाठीच्या जागेला एकूण ५४.

खरी अडचण एकच, हलायचं नाही. लहान मुलांना त्यासाठी रोज भूल देतात, म्हणजे रोज सकाळी उपाशी ठेवायचं. डॉक्टर म्हणाले, “आठवडाभर घरी सराव करून बघा. जमलं तर भूल टळेल.”

मग काय, सतरंजी, मोबाईलवर टायमर आणि तोंडावर पिठाची चाळण. “दसरा चौकातले शाहू महाराज हलतात काय?” असं विचारलं की ती गप. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, शनिवारपर्यंत अठरा.

लाईट घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा मास्क करतात. तो करताना मात्र माझाच जीव घाबरला. गरम पाण्यातनं काढलेली जाळीची शीट ओलीच चेहऱ्यावर ताणून बसवली. काही मिनिटांत ती कडक झाली. रोज तोच मास्क टेबलाला चाप लावून अडकवायचा. आत ती एकटी, जाड दाराबाहेर मी माइकवरून आबांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, म्हशीची गोष्ट सांगणार. बाहेर आली की गालावर जाळीचे ठसे आणि पहिला प्रश्न, “आई, मी हललो काय गं?”

योजनेतनं खर्च निघाला, पण रेशन कार्डावरच्या नावातल्या एका वेलांटीपायी तीन हेलपाटे झाले. तिसऱ्या आठवड्यात मशीन दोन दिवस बंद पडलं. एक फोन करायचा की! आम्ही दुपारपर्यंत बाकावर. बुडलेल्या लाईट शेवटी वाढवून दिल्या.

घरात भांडण झालं ते दुधावरनं. आबा तिला रोज गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्यायचे, म्हशीची धार थेट पेल्यात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर जंतूंची भीती, म्हणून कच्चं दूध बंद, उकळूनच द्यायचं. “आमी काय मेलो व्हय?” म्हणत आबा दोन दिवस जेवले नाहीत. मग स्वतःच पातेलं गॅसवर ठेवायला लागले. शेजारच्या काकूंनी गरोदर सुनेला आमच्याकडं पाठवणं थांबवलं होतं. बाहेरनं दिलेल्या लाईटचं काही अंगात उरत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवावं लागलं.

केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेले. उलटीची गोळी लाईटच्या आधी दिली की बरं पडायचं.

आता केमो चालू आहे. ऐकू येणं, हार्मोन आणि उंची तपासत राहायला सांगितलंय, कारण मणक्याला लाईट दिली की वाढ कमी होऊ शकते. आबांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ ओढलीय, तारीख घालून. दर रविवारी तिला तिथं उभं करतात. मी म्हणते, आठवड्यात कुणी वाढतं काय? ऐकत नाहीत.