चिऊची फीटची गोळी बदलताना

आमच्या चिऊचं (हे घरातलं नाव आहे) औषध एप्रिलपासून बदलणं चालू आहे. व्हॅल्प्रोएट हळूहळू बंद करून लॅमोट्रिजिनवर आणतोय (दोन्ही फीटचीच औषधं). या काळात मी मराठीत बरंच शोधलं, पण मला बहुतेक करून अपस्मार म्हणजे काय, फीट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, एवढंच सापडलं. ते बरोबरच आहे, पण ज्यांच्या घरात निदान होऊन गेलंय, गोळी चालू आहे, त्यांना पुढचं हवं असतं ना. गोळी बदलताना घरात काय काय होतं, कशाकडे लक्ष ठेवायचं. म्हणून सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, यातले डोस चिऊच्या वजनाप्रमाणे आणि तिच्या डॉक्टरांनी दिलेले आहेत, कृपा करून कोणी बघून आपल्या मुलाला देऊ नका.

आधीचं थोडक्यात. चिऊ आता अकरा वर्षांची आहे. चौथीत असताना बोलता बोलता मधेच थांबायची, डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडायच्या, हाक मारली तर ओ नाही, आणि दहाबारा सेकंदांनी काही झालंच नाही असं परत चालू. शाळेत म्हणायचे तंद्री लागते. मग एकदा सकाळी उठल्या उठल्या मोठी फीट आली, अंग कडक होऊन झटके, तेव्हा धावपळ झाली. ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) करताना तिला जोरजोरात श्वास घ्यायला लावला आणि तिथेच तिला तसं झालं त्यामुळे निदानाला वेळ लागला नाही, ज्युव्हेनाइल ॲबसेन्स एपिलेप्सी. ॲबसेन्स म्हणजे हीच काही सेकंदांची हरवल्यासारखी फीट. व्हॅल्प्रोएट चालू केलं आणि थोड्याच दिवसांत सगळं थांबलं.

मग चांगलं लागू पडलेलं औषध बदलायचं कशाला? सासूबाईंनी हेच विचारलं, "अगं फीट थांबलीये ना पोरीची, मग आता त्याला हात कशाला लावताय?" आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. व्हॅल्प्रोएटने तिची भूक खूप वाढली होती, वजन वाढलं, केस विंचरताना फणीत गुंता यायचा, चित्र काढताना हात थरथरायचा आणि रेघ हलली की ती कागद चुरगाळून टाकायची. पण ते आम्ही सहन करत होतो कारण फीट नव्हती.

डॉक्टरांनी (मुलांच्या न्यूरॉलॉजिस्ट आहेत, पुण्यात, आम्ही सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जातो) सांगितलेलं मुख्य कारण वेगळं होतं. हा प्रकार लहान मुलांच्या ॲबसेन्ससारखा वयाबरोबर जाईलच असं नसतं, बऱ्याच जणांना मोठेपणीही गोळी लागते. आणि व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस राहिले तर शंभरातल्या साधारण १० बाळांमध्ये जन्मजात व्यंग असतं आणि शंभरातल्या ३० ते ४० मुलांना पुढे बोलणं, शिकणं, वाढ यात अडचणी येतात. म्हणून २०१८ पासून युरोप आणि इंग्लंडमध्ये मुलींना आणि बायकांना हे औषध देण्यावर फार कडक नियम आलेत. मी म्हणलं मॅडम ती पाचवीत आहे हो. तर त्या म्हणाल्या, म्हणूनच आत्ता, हे बदलायला महिनोनमहिने लागतात, मधे फीट परत येऊ शकते, मग ते दहावीत करायचं का लग्न ठरल्यावर घाईत करायचं? हे मला पटलं. घरी येऊन सासूबाईंना तसंच्या तसं सांगितलं, त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, बदला बाई.

लॅमोट्रिजिन ॲबसेन्सवर व्हॅल्प्रोएटइतकं चालत नाही हेही त्यांनी आधीच सांगितलं, ते मला फार आवडलं. २०१० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, नव्याने निदान झालेली ४५३ मुलं, आणि १६ आठवड्यांनी व्हॅल्प्रोएटवर ५८ टक्के मुलांचं औषध व्यवस्थित लागू पडलेलं होतं, लॅमोट्रिजिनवर २९ टक्के. ती मुलं लहान वयाच्या ॲबसेन्सची होती, चिऊचा प्रकार थोडा वेगळा, तरी आकडा वाचून पोटात गोळा आलाच. लेव्हेटिरासिटाम या फीटच्या आणखी एका औषधाचाही विषय निघाला होता पण त्याने काही मुलांची चिडचिड, आदळआपट खूप वाढते आणि आमची मुळातच तापट, म्हणून आधी लॅमोट्रिजिन.

आता गोळीचं. चिऊचं वजन ३४ किलो आणि सुरुवात रोज फक्त ५ मिलीग्रॅमने, पाण्यात विरघळणारी इवलीशी गोळी. दोन आठवड्यांनी १०. नवऱ्याला वाटलं ही कसली चेष्टा, एवढ्याने काय होणार. कारण असं की व्हॅल्प्रोएट शरीरात असलं की लॅमोट्रिजिन बाहेर टाकण्याचं लिव्हरचं काम मंदावतं, म्हणजे तीच गोळी अंगात जवळजवळ दुप्पट वेळ राहते. आणि लॅमोट्रिजिन भरभर वाढवलं तर अंगावर पुरळ येण्याचा धोका वाढतो. साधं पुरळ बऱ्याच जणांना येतं, पण त्यातलं एक गंभीर असतं, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, त्यात कातडी आणि तोंडाच्या आतलं सगळं सोलवटतं, जिवावर बेतू शकतं. मुलांमध्ये गंभीर पुरळाचं प्रमाण हजारात ३ ते ८ आणि ते बहुतेक वेळा पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत येतं.

आणि आम्ही चालू केलं कधी, तर पाचवीची परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये, सोलापुरात! मे महिन्यात सोलापुरात ज्याच्या अंगावर घामोळं नाही असं पोर दाखवा मला. रोज संध्याकाळी अंघोळीनंतर तिची मान, पाठ, पोट, काखा, सगळं ट्यूबलाइटखाली बघायचे. डॉक्टरांनी मे महिन्याचा विचार करूनच सांगून ठेवलं होतं की हे पहिले दोन महिने नवीन साबण नाही, नवीन तेल-पावडर नाही, कधी न खाल्लेलं काही द्यायचं नाही, म्हणजे पुरळ आलंच तर कशाने आलं हा गोंधळ नको. आणि घाबरायचं कधी तेही लिहून दिलं होतं, पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, डोळे लाल, ओठ किंवा चेहरा सुजणं, मानेत गाठी, यातलं काहीही दिसलं तर फोनची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात, सकाळी बघू म्हणायचं नाही. पुरळ एकटंच असलं तरी त्याच दिवशी कळवायचं आणि पुढची गोळी विचारूनच द्यायची.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मानेवर बारीक लाल पुटकुळ्या आल्याच. फोटो काढले, पाठवले, इथल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी दाबून बघितलं, तोंड बघितलं, डोळे बघितले, घामोळंच होतं. कूलरच्या खोलीत झोपवायला लागल्यावर चार दिवसांत गेलं. पण दाखवलंच पाहिजे होतं, घामोळं आहे की नाही हे आईने घरी बसून ठरवायचं नसतं यावर मी ठाम आहे.

आता वही. औषध चालू करायच्या आधीचे पंधरा दिवस मी नुसतं लिहून ठेवलं, झोप कधी, उठते कधी, भूक, चिडणं, डोकं दुखणं, शाळेतून आल्यावर कशी असते. हे मॅडमनीच सांगितलं होतं आणि याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. कारण औषध बदललं की घरातला प्रत्येक जण प्रत्येक गोष्ट औषधावर ढकलतो. जेवली नाही, गोळीमुळे. रडली, गोळीमुळे. भावाला चिमटा काढला, गोळीमुळे. जुनी पानं उघडली की दिसतं, भावाला चिमटे ती एप्रिलच्या आधीही काढत होती. आणि रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागी राहणं मात्र जुन्या पानांत कुठेच नव्हतं, ते खरंच नवीन होतं. लॅमोट्रिजिनने काही जणांची झोप उडते. रात्रीची गोळी सकाळी केली आणि आठवड्याभरात झोप बरीचशी जाग्यावर आली.

पण वहीत फक्त मला दिसतं तेच येतं. मला मुख्य सांगायचंय ते हे, चिऊला आम्ही सगळं सांगितलं. सासूबाईंचा विरोध होता, एवढ्याशा पोरीला कशाला घाबरवता म्हणून. मी घाबरवलं नाही, एवढंच सांगितलं की तुझी गोळी बदलतोय, नवीन गोळी तुला कशी वाटते हे फक्त तुलाच कळणार आहे, आम्हाला बाहेरून दिसत नाही, तर जे वेगळं वाटेल ते सांगायचं, कितीही फालतू वाटलं तरी. तिने वहीची शेवटची पानं स्वतःसाठी घेतली.

जुलैमध्ये डोस वाढल्यावर तिने लिहिलं, फळ्यावरची अक्षरं दोन दोन दिसतात, पहिल्या तासाला, डबा खाल्ल्यावर नीट दिसतात. मला हे कधीच कळलं नसतं! घरी ती एकदम ठीक होती, बाईंनाही काही वाटलं नव्हतं, फारतर चष्म्याचा नंबर काढायला गेलो असतो. मॅडमनी लगेच ओळखलं, गोळी घेतल्यावर काही तासांत रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर जातं तेव्हा असं दोन-दोन दिसणं, गरगरणं होतं. त्यांनी डोस सकाळ आणि लवकर संध्याकाळ असा दोन वेळेला वाटून दिला आणि पुढची वाढ थांबवली. अक्षरं एक झाली. सासूबाई आता रोज विचारतात, आज काय लिहिलंस गं.

ऑगस्टपासून व्हॅल्प्रोएट उतरवायला घेतलं, आधी संध्याकाळची ३०० ची गोळी २०० वर, मग पुढे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, व्हॅल्प्रोएट कमी झालं की लॅमोट्रिजिन शरीरातून लवकर बाहेर जायला लागतं, म्हणजे आपण एकच गोळी कमी करतोय असं वाटतं पण आतून दोन्हीचं प्रमाण उतरत असतं. त्यामुळे एक उतरवायचं आणि दुसरं वाढवायचं हे डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणेच, आपल्या मनाने एकही पायरी पुढेमागे नाही. तसंच लॅमोट्रिजिन सलग काही दिवस चुकलं तर परत त्याच डोसवर उडी मारायची नसते, पहिल्यापासून चढावं लागू शकतं, म्हणून गावाला जाताना गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवते.

मेडिकलमध्येही सांभाळा. लॅमोट्रिजिन आणि लॅमिव्हुडिन ही नावं सारखी दिसतात आणि दुसरं पूर्ण वेगळ्या आजाराचं औषध आहे. मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घेते आणि पट्टी हातात घेऊन नाव आणि मिलीग्रॅम दोन्ही वाचते. कंपनी बदलायची असेल तर आधी मॅडमना विचारते. आणि व्हॅल्प्रोएटची हळूहळू विरघळणारी गोळी कुटून द्यायची नाही, हे आमच्याकडे आजीलासुद्धा पाठ आहे.

गणपतीत दोनदा ॲबसेन्स दिसला. आरतीच्या ताटाशी उभी असताना एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या रात्री पाहुणे होते, झोपायला एक वाजला होता, आणि अपुरी झोप हे फीटचं अगदी ठरलेलं कारण. तरी मी ते "जागरणामुळे" असं लिहून सोडून दिलं नाही, व्हिडिओ काढता आला तेवढा काढला, तारीख-वेळ लिहून पाठवलं. मॅडमनी व्हॅल्प्रोएट आणखी कमी न करता आहे त्याच डोसवर ठेवलं आणि लॅमोट्रिजिन थोडं वाढवलं. त्यानंतर आजपर्यंत घरी दिसलं नाही. शाळेत बाईंना सांगून ठेवलंय, लिहिता लिहिता पेन थांबला किंवा वाक्य अर्धं सुटलं तर वहीत छोटी खूण करायची, बाई मनापासून करतात.

मोठी फीट आली तर काय करायचं याचा कागद शाळेत, रिक्षावाल्या काकांकडे आणि फ्रिजवर आहे. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलामचा (फीट थांबवणारं औषध) नाकातला स्प्रे, किती फवारे ते वजनाप्रमाणे त्यावर लिहिलंय, आणि लगेच १०८. स्प्रेची एक्स्पायरी मी दर महिन्याला बघते.

केस आता कमी गळतात. हाताची थरथर पूर्ण गेली नाही पण रांगोळीचे ठिपके सरळ येतात. दिवाळीनंतर ईईजी आहे. त्यात परत काही दिसलं तर व्हॅल्प्रोएट सध्या कमी डोसमध्ये चालू ठेवायचं की तिसरं औषध बघायचं हे तेव्हा ठरेल, मॅडमनी दोन्ही शक्यता आम्हाला आणि चिऊला समोर बसवून सांगितल्यात. चिऊने त्यांना विचारायचे प्रश्न आत्तापासून लिहायला घेतलेत, पहिला आहे, सहलीला जाऊ का.