आमची वाटचाल : जुन्या चांदीची दुरुस्ती

आमचं मूळ काम देवघरातल्या चांदीचं, निरांजनं, ताम्हणं, समया, मोडलं-तुटलं झाळून द्यायचं. दुकान ठाण्यात आणि इथे बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांची वस्ती जुनी, सिनेगॉगच, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळच, १८७९ चं, तर वडील असताना एक काकू किद्दुशचा पेला घेऊन आल्या. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे त्यांचा आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, लागला की काळ्या मनुकांचं सरबत ह्याच पेल्यात ओतून आशीर्वाद म्हणतात. मी नवीन होतो, पेला काळा पडलाय म्हणून सरळ बफिंगला लावला. चकचकीत झाला, पण काठाखालची हिब्रू ओळ जवळजवळ गेली. त्यांच्या आजेसासऱ्यांचं नाव होतं ते. काकू काहीच बोलल्या नाहीत, पेला रुमालात गुंडाळला आणि गेल्या. मला ते आजही लागतं.

तेव्हापासून जुनी चांदी मशीनवर चढत नाही. आधी फोटो, मग अक्षरं कागदावर उतरवायची, मग हात लावायचा.

हळूहळू रिमोनिम यायला लागले. रिमोन म्हणजे हिब्रूत डाळिंब, सेफेर तोरावर, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या दांड्यांवर, बसणारी चांदीची जोडी, भोवती घुंगरू. आणि घुंगरूच आधी तुटतात. आम्ही नवीन घालतो पण आतून आमचा शिक्का मारतो, उद्या कोणी जुने म्हणून विकायला नकोत. याद म्हणजे हिब्रूत हात, चर्मपत्रावरच्या अक्षरांना बोट लागू नये म्हणून वाचताना धरायचा दांडा, टोकाला इवलीशी तर्जनी. नेमकी तीच मोडते, आणि आधी कोणी शिशाचा डाग दिलेला असला तर तो सगळा खरवडून काढल्याशिवाय ज्योत दाखवायची नाही, शिसं तापलं की चांदीला खातं.

८४ चा शिक्का असला तर तो रशियन, ९६ पैकी ८४ भाग म्हणजे ८७.५ टक्के चांदी. पण नकली मालावर हाच शिक्का भरपूर मारतात, म्हणून नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका.

खरेदी-विक्री आम्ही करत नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि बऱ्याच घरांतली मुलं इस्रायलला गेलीत, मागे आईवडील आणि पेला. काय सांगणार त्यांना.

मागच्या वर्षी काकूंची नात तोच पेला घेऊन आली. तिरपा टॉर्च धरून तासभर बघितलं तेव्हा शेवटची चार अक्षरं लागली, ताव, रेश, नून, बेत. हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते आणि ज्यू सन तसाच लिहितात, हजार सोडून: ४००, २००, ५०, २, बेरीज ६५२, त्यात १२४० मिळवले की इसवी सन १८९२. पुन्हा कोरून देऊ का विचारलं, तर नको म्हणाली, फक्त कागदावर लिहून द्या.