रक्त लवकर थांबलं, पण रात्र उरली होती

ट्रेकला ग्रुपच्या शेवटी चालणं हे माझं काम. औषधांची पिशवी माझ्याकडे असते, म्हणून मी मागे. त्या दिवशी घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार, उतरताना पुढून आधी दगडांचा आवाज आला आणि मग किंकाळी. जखमी मुलगा बराच खाली एका खडकाला अडकला होता. सगळ्यांना बाजूच्या कातळावर थांबवलं आणि मी एकटी तिरकी उतरले. सरळ त्याच्या वरून उतरले असते, तर माझ्या पायाखालचे दगड त्याच्याच डोक्यात गेले असते.

त्याच्याबरोबर चालणारा मित्र माझ्याआधी पोचला होता. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं, आणि मित्राने बुटाची लेस काढून मांडीला गच्च बांधलेली. तरी रक्त वाहतच होतं, उलट लेस बांधल्यावर वाढलं असं तोच घाबरून सांगत होता. तो म्हणत होता ते बरोबर होतं. बारीक दोरीने वरवरच्या शिरा दबतात, खोलवरची धमनी दबत नाही. पायात रक्त येत राहतं, परतीचा रस्ता मात्र बंद होतो. टूर्निकेचा, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा चांगला रुंद लागतो आणि काडी पिळून रक्त पूर्ण थांबेपर्यंत आवळावा लागतो. माझ्या पिशवीत टूर्निके होतं, पण ते काढायची वेळ आली नाही. हाडाच्या टोकाभोवती गॉज भरून दोन्ही हातांनी दाब धरला, मगच लेस कापायला सांगितली. दहा मिनिटं हात हलवला नाही. ‘थांबलं का’ म्हणून सारखं उचलून बघायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तेवढ्याने जमलेली गुठळी निघून येते.

रक्त थांबलं. डोकं, मान, पाठ चाचपली, श्वास पाहिला. तिथे काही नव्हतं. पण पाऊल पांढरं आणि गार पडलं होतं. अंगठ्याचं नख दाबून सोडलं तर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा, तो येईना. पावलावरची नाडीही लागेना. दवाखाना जवळ असता तर वाकडा पाय तसाच आधार देऊन नेला असता. इथे मदत यायला कित्येक तास होते, आणि तेवढा वेळ रक्ताविना पाऊल टिकत नाही. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पिण्याच्या पाण्याच्या धारेने जखम धुतली. एकाला गुडघ्यावर मांडी धरायला लावली आणि मी टाच धरून पाय त्याच्याच रेषेत हळूहळू ओढला. तो जे ओरडला ते लिहीत नाही. हाडाचं टोक आत गेलं आणि मिनिटभरात बोटाखाली नाडी लागली. तिथे पेनाने फुली मारली, म्हणजे अंधारात परत शोधायला नको. कॅरीमॅट आणि ट्रेकिंग पोल गुडघ्याच्या वरपासून पावलापर्यंत बांधले, बोटं उघडी ठेवली.

“ताई, पाय राहील ना?”

“आत्ता नाडी आहे,” एवढंच म्हणाले. त्याहून जास्त मला माहीत नव्हतं.

मग वाद. ‘उचलूया आणि निघूया’ म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, आणि सहसा तोच सगळ्यांत मोठ्याने बोलतो. स्ट्रेचर धरायला एका वेळी सहा जण लागतात, शिवाय आलटून पालटून बदली. आम्ही तेवढे नव्हतोच, आणि घसाऱ्यावर अंधार पडत होता. रेंज नव्हती. दोघांना चिठ्ठी देऊन खाली पाठवलं. जागा, वेळ, जखम, नाडी, काय केलं, सगळं कागदावर. दमलेला माणूस तोंडी निरोप अर्धाच पोचवतो. एकट्याला कधीच पाठवत नाही.

मला खरी भीती थंडीची होती. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही आणि थांबलेली जखम पुन्हा वाहू लागते. गारठा सगळ्यांत जास्त जमिनीतून येतो, त्यामुळे पांघरुणाआधी खालची सोय केली: उरलेल्या मॅट, रिकाम्या सॅक, दोर. ओले कपडे कापून काढले, त्याला स्लीपिंग बॅगेत घातलं, वरून प्लॅस्टिक. मोज्यांत गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या काखेत. तो थरथर कापत होता आणि मला ते बरंच वाटत होतं. ऊब न येताच कापणं थांबलं तर घाबरायचं.

रात्रभर दर तासाला नाडी, बोटांचा रंग, बोटं हलतात का, सगळं वेळेसकट लिहिलं. सूज चढली तशी एकदा बँडेज सैल केलं. घट्ट बांधलेला पाय सुजला तर तेच बंधन फास होतं. मिनिटाला ११८ वरची नाडी पहाटे ९६ वर आली. मध्ये त्याने लाजत लघवीला लागल्याचं सांगितलं. सगळे अवघडले, मी खूश. शरीरातलं रक्त फारच कमी झालं की मूत्रपिंडं आधी काम आवरतं घेतात.

रेस्क्यू टीम उजाडल्यावर आली. दवाखान्यात सर्जनने माझा कागद हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला: हाड बाहेर होतं, की आत होतं? बाहेर होतं, ओढल्यावर आत गेलं, हे मी वर ठळक लिहिलं होतं. ते कळलं नाही तर वरून लहानशी दिसणारी जखम नुसती शिवली जाते आणि आत गेलेली माती तिथेच राहते. त्याला लगेच प्रतिजैविकं सुरू झाली, आणि जखम उघडून धुण्यासाठी ऑपरेशनला नेलं.