जॉबॉक्सची डबलबारी

जॉबॉक्स ह्या अमेरिकन रॉक बँडचं नाव ज्यांना माहितीये, आणि आपल्याकडे असे सगळे लोक एका रिक्षात मावतील, ते बोलायला लागले की लगेच १९९४ च्या अल्बमवर येतात. 'फॉर युअर ओन स्पेशल स्वीटहार्ट'. त्यातलं 'सेव्हरी' एमटीव्हीवर पण वाजलं होतं, अल्बम भारीच आहे, त्याबद्दल माझं काही भांडण नाही. भांडण पुढचंय. दोन वर्षांनी, १९९६ ला, ह्याच चौघांनी अजून एक अल्बम काढला, त्याला धड नावसुद्धा ठेवलं नाही, नुसतं 'जॉबॉक्स', आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. विचारलं तर "हां, तो पण चांगलाय" म्हणतात. म्हणजे ऐकलेला नसतो.

माझ्याकडे तो आला पुण्यात हॉस्टेलला असताना. तेव्हा लॅनवर सगळ्यांचे फोल्डर शेअर असायचे, कुणाचं काय कुठून आलंय काही पत्ता नाही, अर्ध्या गाण्यांची नावं चुकलेली, उरलेल्या अर्ध्यांना नुसतं ट्रॅक अमुक ट्रॅक तमुक. मी आपला कॉपी मारला आणि गावी येताना घेऊन आलो. शिक्षण संपलं, नोकरी कुडाळला लागली, हॉस्टेलमधल्या बाकीच्या गाण्यांचं काय झालं देव जाणे, हा एक फोल्डर मात्र प्रत्येक नव्या फोनमध्ये सगळ्यात आधी जातो.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं लागणार नाही. ही मंडळी वॉशिंग्टन डीसीची. तिथल्या पोरांनी १९८० च्या आसपास हार्डकोअर पंक सुरू केला, मायनर थ्रेट, बॅड ब्रेन्स वगैरे बँड, एक-दीड मिनिटाची गाणी, सुसाट, की संपलं. मग काही वर्षांत त्यातल्याच काहींना त्या नुसत्या वेगाचा कंटाळा आला. राइट्स ऑफ स्प्रिंग आले, १९८७ ला फुगाझी आले. ताकद तीच, पण आता गाणं मध्येच थांबायला लागलं, वळायला लागलं, हळू होऊन परत अंगावर यायला लागलं. पोस्ट-हार्डकोअर म्हणतात ते हेच. जॉबॉक्स १९८९ चे. गाणारा जे रॉबिन्स, हा आधी गव्हर्न्मेंट इश्यू नावाच्या हार्डकोअर बँडमध्ये बास वाजवायचा, इथे त्याने गिटार घेतली. बासवर किम कोलेटा. दुसरी गिटार बिल बार्बॉटची, तो जरा नंतर आला, आणि १९९२ ला ड्रमवर झॅक बरोकस बसला. तो बसल्यावर बँड बदलला असं माझं मत आहे, आणि ते मी अजिबात बदलणार नाही.

पहिले दोन अल्बम डिस्कॉर्डवर निघाले. हे लेबल इयन मकाय आणि जेफ नेल्सन ह्या दोघांनी १९८० मध्ये सुरू केलेलं, रेकॉर्डची किंमत मुद्दाम कमी ठेवणारं, बड्या कंपन्यांच्या वाऱ्याला न उभं राहणारं. मकायचाच बँड फुगाझी, त्यांचं तिकीट वर्षानुवर्षं पाच डॉलर. असल्या घरातून उठून जॉबॉक्स गेले ॲटलांटिक रेकॉर्ड्स ह्या बड्या कंपनीकडे. १९९१ ला निर्वाणा हा बँड तुफान गाजला होता, सगळ्या कंपन्या पुढचा निर्वाणा शोधत गावोगाव हिंडत होत्या, त्यात हे सापडले, आणि शडर टू थिंक हा बँड पण डिस्कॉर्ड सोडून एपिक ह्या तशाच बड्या कंपनीकडे गेला. झालं. जुनी जनता म्हणाली विकले गेले. कंपनीला वाटलं होतं लाखांनी खपतील, तसं पण काही झालं नाही. मग १९९६ च्या अल्बमला कंपनीने त्यांना टॅग नावाच्या आपल्याच एका छोट्या लेबलवर सरकवलं, ते लेबल काही टिकलं नाही, आणि १९९७ ला बँडच बंद. म्हणजे जुन्यांनी ऐकला नाही कारण कंपनीचा, आणि नव्यांपर्यंत कंपनीनेच पोचवला नाही. असा मधल्यामध्ये राहिला.

(आमच्याकडे तर तेव्हा कोकण रेल्वेसुद्धा अख्खी धावत नव्हती. ती सुरू झाली जानेवारी १९९८ ला. तोवर जॉबॉक्सचं दुकान आवरून पण झालं होतं.)

आता मुख्य मुद्दा. हा अल्बम मला का आवडतो ह्याचं उत्तर मला पुण्यात कधीच नीट देता आलं नाही. तिथे मित्र म्हणायचे रिफ बघ (म्हणजे गिटारीवर परत परत येणारा तुकडा), प्रॉडक्शन बघ. मला रिफबिफ काही सांगता यायचं नाही. उत्तर सापडलं ते इथे गावी, हरिनाम सप्ताहात, पहाटेच्या सुमारास, डबलबारी ऐकताना.

ज्यांनी डबलबारी पाहिली नाही त्यांच्यासाठी: दोन बुवा, दोन मंडळं, एका रात्रीत आलटून पालटून भजन. पेटी बुवाच्या समोर, बाजूला पखवाज, मागे झांजा आणि चकवा घेऊन पोरं. हायवेला कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत बॅनर लागतात, 'भजनाचा जंगी सामना', बुवांचे फोटो कुस्तीवाल्यांच्या थाटात. पहिला बुवा आपल्या बारीत काहीतरी टाकतो, पुराणातला प्रश्न असेल, एखादी वाकडी चाल असेल, सरळ टोमणा पण असतो, आणि दुसऱ्याने ते आपल्या बारीत उचलून फेडायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं नुसता गोंगाट चाललाय, लाऊडस्पीकर फाटलेला, पखवाज कानात घुसतोय. पण माळावर बसलेल्या म्हाताऱ्यांना नेमकं कळतं कोणी कोणाचं काय उचललं आणि कोणी न कळून सोडून दिलं, आणि सोडून दिलं की तिथल्या तिथे हसतात. सामना गळ्याचा वाटतो, असतो कानाचा.

रॉबिन्स आणि बार्बॉटच्या गिटारी तशाच आहेत. एक काहीतरी तिरकं बोलते, अर्धवट, मुद्दाम सूर लागत नाही अशा जागी सोडून देते, आणि दुसरी ते तिथून उचलते, पण तेच परत बोलत नाही. १९९४ च्या अल्बममध्ये पण हे आहे, पण तिथे दोघी बऱ्याचदा एकदम बोलतात, मोठा आवाज, भिंतच्या भिंत अंगावर. तो टेड नाइसली ह्या प्रोड्यूसरने केलेला, फुगाझीचं काम केलेला माणूस. १९९६ चा जॉन ॲग्नेलोने केला, आणि त्यात जागा आहे. एक बोलत असताना दुसरी गप्प बसते. गप्प बसणं ऐकू येतं. 'मिररफुल' सुरू झालं की पहिल्या काही सेकंदातच कळतं की इथे कोणीतरी दुसऱ्याची वाट बघतंय, आणि 'लिव्हिड'मध्ये तर बास मध्ये पडून दोघींना गप्प करतो की काय असं वाटतं. किम कोलेटाचा बास ही वेगळीच गोष्ट आहे, तो खाली राहून आधार वगैरे देत नाही, पुढे येऊन बोलतो, आणि 'आयोडीन' तर मला पूर्णपणे तिचंच गाणं वाटतं, गाणारा कोणी का असेना.

आणि पखवाजी, म्हणजे बरोकस. आमचे धाकटे काका भजन मंडळात पखवाज वाजवतात, पंचक्रोशीत नाव आहे, बोटं अजून पोलादी. एकदा पडवीत बसून मी स्पीकरवर हा अल्बम लावला होता, काका पानाला चुना लावत बसलेले. पहिल्या गाण्याला काही बोलले नाहीत. दुसऱ्याला मान हलवून म्हणाले, "गाता तो आरडता कित्याक?" मी म्हटलं काका, तसंच असतं. मग पान तोंडात, आणि मला दिसलं की डाव्या हाताची बोटं मांडीवर चाललीयत. मोजत होते. सम शोधत होते. एका गाण्यात दोनदा चुकले, परत मागे घ्यायला लावलं, तिसऱ्यांदा बरोबर समेवर थाप मारली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू ते मीच वाजवत होतो. मग म्हणाले, "वाजवतत सगळेच. हो झील ऐकता." झील म्हणजे पोरगा.

मी एवढी वर्षं जे सांगायचा प्रयत्न करत होतो ते ह्या माणसाने पान खाता खाता सांगून टाकलं, नंतर वर हे पण म्हणाले की झांज नाय म्हणून जरा सुनां सुनां वाटता. असो.

पण खरंच ऐकतो तो. रॉकमधला साधा ड्रमर काय करतो, चारातल्या दोन आणि चार ह्या मात्रांना ठोका देतो आणि बाकीचे त्यावर उभे राहतात. बरोकस ठोका हलवतो. जिथे यायला हवा तिथे येत नाही, जरा आधी येतो नाहीतर उशिरा, आणि तरी गाणं पडत नाही, उलट त्यामुळेच चालतं. तो कविता पण लिहितो असं कळलं तेव्हा मला काही आश्चर्य वाटलं नाही.

अल्बममध्ये खोट नाही असं मी म्हणणार नाही. गाणी जरा जास्तच आहेत. मधल्या भागात दोन-तीन गाणी एकाच चेहऱ्याची वाटतात, मला विचारलं असतं तर 'स्पॉयलर' मी काढलं असतं, माफ करा. रॉबिन्सचे शब्द इतके वाकडे असतात की काय म्हणायचंय हे मला आजही धड सांगता येणार नाही, पण त्याने फरक पडत नाही, कारण तो ओरडताना सुद्धा चाल सोडत नाही, आणि हे फार कमी लोकांना जमतं. हार्डकोअरमधून आलेले बरेचसे एकतर गातात किंवा ओरडतात. हा दोन्ही एका श्वासात करतो, 'डेझर्ट सी' ऐका म्हणजे कळेल, त्यात शेवटाकडे जाताना आवाज असा ताणला जातो की आपलाच घसा धरल्यासारखा होतो.

आणि मग ते लपवलेलं गाणं. शेवटी 'ॲबसेंटर' संपतं, आणि सीडीवर त्याच्यापुढे टोरी एमॉस ह्या गायिकेचं 'कॉर्नफ्लेक गर्ल' आहे, यादीत नाव नाही काही नाही. १९९४ चं तिचं गाणं, पियानोवरचं, आणि ह्या चार जणांनी ते आपल्या गिटारींवर घेतलंय, टर उडवायला नाही, नीट मनापासून. माझ्या कॉपीत त्याला नावच नव्हतं. मी बरीच वर्षं ते जॉबॉक्सचंच समजून ऐकलं आणि मूळ गाणं नंतर भेटलं, तर मला ते मूळच उसनं वाटलं. आता हे डिस्कॉर्डच्या कट्टर जनतेला आवडलं असेल का, नसणार. कंपनीकडे गेले ते गेले आणि वर पॉप गाणं म्हणतायत. मला मात्र तिथेच हा बँड सगळ्यात मोकळा वाटतो, आता कोणाला काही दाखवायचं राहिलेलं नाही असा.

नंतर सगळे आपापल्या कामाला लागले. रॉबिन्स आणि बार्बॉटने बर्निंग एअरलाइन्स नावाचा बँड काढला. रॉबिन्स पुढे रेकॉर्डिंगमध्येच रमला, बाल्टिमोरला स्टुडिओ टाकला, कितीतरी बँडचे अल्बम त्याच्या हातून गेलेत, द प्रॉमिस रिंगचा 'नथिंग फील्स गुड' त्यातलाच. कोलेटा आणि बार्बॉट डीसोटो नावाचं लेबल चालवत होते, द डिसमेंबरमेंट प्लॅनसारखे बँड त्यावरच आले. २००९ ला १९९४ वाला अल्बम परत निघाला, वाजतगाजत, अमेरिकन टीव्हीवर जिमी फॅलनच्या शोमध्ये एकदा चौघं एकत्र येऊन वाजवून पण गेले. २०१९ ला तर टूर केली. बघा, परत १९९४ चंच कौतुक. धाकट्याचं कोणी नाव काढेना.

मी हा अल्बम बहुतेक गाडीत ऐकतो. कुडाळ ते वेंगुर्ला रस्ता, मठच्या पुढची वळणं, 'निकल निकल मिलियनेअर' लागलेलं असतं आणि समोरून एसटी येते, ती काही डावीकडे घेत नाही, आपणच घ्यायचं. शेजारी बायको असेल तर आवाज कमी, ती म्हणते ह्यापेक्षा तुझ्या काकांचं भजन परवडलं. मुलगा मागच्या सीटवर बरोकसच्या ठोक्यावर सीटला लाथा मारतो, आणि चुकीच्या जागी मारत नाही, हे मी घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही, नाहीतर काका त्याला गणपतीच्या आतच पखवाजावर बसवतील.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी 'मिररफुल'पासून सुरुवात करा, मध्ये कंटाळा आला तर सरळ 'डेझर्ट सी'वर उडी मारा, मला राग येणार नाही. हेडफोन असतील तर उत्तम. आणि 'आयोडीन' जुलैमध्ये स्पीकरवर लावायच्या भानगडीत पडू नका, आमच्यासारखे वर पत्रे असतील तर पाऊस लागल्यावर त्यातला बास काही केल्या ऐकू येत नाही, आणि बास गेला की त्या गाण्यात मग राहतं काय.