डाव्या कोपऱ्यातला पंखा : आमची वाटचाल

आम्ही ऑर्किडची झाडं ठेवायच्या काचेच्या पेट्या करतो. सुरुवात मात्र साध्या काचेपासून झाली. सांगलीच्या गावभागात वडिलांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, फोटोफ्रेम, देव्हाऱ्याची दारं, नंतर फिश टँक. काच कापायचा हिरा मी सातवीत असताना हातात धरला. पाच एमएमच्या काचेवरून हिरा ओढताना आवाज बारीक आणि एकसलग यायला हवा. मध्ये अडखळला की काच रेघ सोडून जाते. वडील पाठमोरे बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "गेली." आणि ती गेलेलीच असायची.

ऑर्किडच्या पेट्यांकडे आम्ही वळलो ते २०१२ साली, एका गिऱ्हाइकामुळे. विश्रामबागेत राहणाऱ्या, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. आम्ही आजही त्यांना बाईच म्हणतो. त्या म्हणाल्या, "टँकसारखंच कर, पण उभं. पाणी नाही भरायचं, लाकडावर झाडं लावायचीत." दीड फूट रुंद, दोन फूट उंच, पुढे सरकती काच, तळाला जाळी आणि जाळीखाली पाणी साठायला जागा, अशी पेटी करून दिली. सिलिकॉन पूर्ण वाळून आंबूस वास जाईपर्यंत झाड आत ठेवायचं नाही, हे आम्हाला टँकमुळे माहीत होतं. बाकी काहीच माहीत नव्हतं.

पहिल्याच पावसाळ्यात बाईंची तीन झाडं कुजली. सकाळी बघावं तर काच आतून घामेजलेली आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचून गाभा काळा पडलेला. मला वाटलं, बाई पेटी परत करणार. त्यांनी मला बसवून एक मूळ दाखवलं. मुळावर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. त्यावर फवारा मारला की डोळ्यांदेखत ते हिरवं होतं, वाळलं की परत चंदेरी. "हे फांदीवर राहणारं झाड आहे," त्या म्हणाल्या, "याला भिजायलाही हवं आणि वाळायलाही. हवा दमट हवी, पण हलती."

मग जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा काढून झाकणाच्या जाळीत बसवला, डाव्या कोपऱ्यात. डाव्याच का, तर बाईंच्या टेबलाशेजारचा प्लग डावीकडे होता आणि वायर तेवढीच पुरत होती. मग झाकणाचा साचा त्याच मापाने केला आणि आमच्या प्रत्येक पेटीला पंखा तिथेच राहिला.

पुढची सहा-सात वर्षं धंदा चालला. मागणी कोल्हापूर-पुण्यापर्यंत गेली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे, याशिवाय गावात दुसरा विषय नव्हता. आमच्या दुकानाच्या भिंतीवर वडिलांनी २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेच्या वर पाणी येत नाही, यावर अख्ख्या गल्लीचा विश्वास. आम्ही सगळा माल रेघेच्या फूटभर वर चढवला आणि निश्चिंत झालो. रात्री बाईंचा फोन आला. "काच राहू दे. झाडं आधी इकडे आण." ज्यांच्यापासून पुढची रोपं करायचो ती अकरा मातृझाडं रिक्षात मांडीवर घेऊन मी आणि बायको विश्रामबागेत पोचलो. दुसऱ्या दिवशी गल्लीत शिरता येईना.

पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. दुकानात ते रेघेच्या साडेतीन फूट वर होतं. ओसरल्यावर आत गेलो तर तयार पेट्या तरंगून एकमेकींवर आदळून फुटलेल्या. उभ्या ठेवलेल्या काचांच्या मध्ये गाळ शिरून त्या अशा चिकटल्या होत्या की सोडवायला गेलं की तुटायच्या. ज्या सुटल्या त्यांच्यावर ढगाळ डाग. पाणी धरून राहिलेल्या काचेचा तो डाग सहजासहजी जात नाही. इतक्या वर्षांच्या हाताच्या कामाचं आम्ही फावड्याने भंगार भरलं.

तिकडे वीज नसल्याने बाईंचा पंखा बंद होता. बाई दर तासाला पेटीची काच सरकवून वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. फवाऱ्याला गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी. अकरापैकी दहा झाडं जगली. आज आमच्याकडून जाणारी बरीच रोपं त्या दहांचीच आहेत.

आता जे मनाला लागून राहिलंय ते लिहितो. आमचं दुकान बंद होतं त्याच महिन्यांत बाहेरगावच्या एका कंपनीने 'पूर्ण बंद पेटी, देखभाल शून्य' म्हणून ऑर्किड विकायला सुरुवात केली. बंद बरणीत नेचे आणि शेवाळ छान राहतं, त्याबद्दल वाद नाही. फांदीवर वाढणारं ऑर्किड कुजतं. लोकांची झाडं कुजली आणि ते आमच्या दारात आले, कारण सांगलीत ऑर्किडची पेटी म्हणजे आम्हीच. त्यांच्या पेट्यांना आम्ही भोकं पाडून पंखे बसवून दिले. त्यांतल्या काही पेट्यांत सीतेची वेणी, म्हणजे आपल्याकडच्या जंगलातलं एक ऑर्किड, होतं. मुळं मध्येच तुटलेली आणि त्यांना झाडाची साल तशीच चिकटलेली. म्हणजे जंगलातून ओरबाडून आणलेली. सीतेची वेणी दीड फुटाच्या पेटीत मावतही नाही.

म्हणून सांगतो, चांदोली किंवा आंबा घाटाकडून कुणी पोत्यात झाडं आणून दिली तर घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात शिदोरी नसते. जंगलात ते बुरशीच्या आधाराने रुजतं, म्हणून ओरबाडलेल्या झाडाची जागा सहज भरून येत नाही. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपंच घ्या. बोअरचं पाणी फवारू नका, पानांवर क्षार बसतात. आणि मॅसडेव्हॅलिया नावाचं थंड हवेतलं ऑर्किड सांगलीच्या एप्रिलमध्ये साध्या पेटीत टिकत नाही. ते मागणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

२०२१ ला पाणी परत आलं तेव्हा गावभागातला गाळा रिकामा होता. वर्कशॉप आम्ही आधीच विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर नेलं होतं.

गेल्या वर्षी त्या कंपनीची नवी पेटी एकाने दुरुस्तीला आणली. आता त्यांच्या झाकणालाही पंखा आहे, आणि जाहिरातीत ते त्यांचं स्वतःचं संशोधन आहे. मी झाकण उलटं करून पाहिलं. पंखा डाव्या कोपऱ्यात होता. मी त्या माणसाला विचारलं, "तुमच्या घरी प्लग कुठल्या बाजूला आहे?" तो म्हणाला, "उजव्या."