मुरमाड जागेत करवंदाचे कुंपण: माझा अनुभव

सासवडपासून थोड्या अंतरावर, पुरंदर तालुक्यातल्या एका माळावर आमचे घर आहे. वीतभर खणले की मुरूम लागतो, पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि होळी झाली की विहिरीचे पाणी पिण्यापुरते आणि भांड्यांपुरतेच उरते. अशा जागी घराच्या तिन्ही बाजूंनी हिरवे कुंपण करायचे ठरवले तेव्हा अटी स्पष्ट होत्या: झुडूप बारा महिने पानांनी भरलेले असावे, उन्हाळ्यात त्याने पाणी मागू नये आणि शेळ्यांना त्यातून वाट मिळू नये.

रोपवाटिकेत विचारले की डुरांटा आणि कोनोकार्पस ही दोन नावे हमखास पुढे येतात. डुरांटा मूळचा अमेरिकेतला. त्याची पिवळी पाने शोभून दिसतात, पण आमच्या उन्हाळ्यात पाण्याशिवाय त्याचा निभाव लागणे कठीण. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो आणि तेवढ्याच झपाट्याने पाणीही शोधतो. पुढे 2023 मध्ये गुजरातच्या वनखात्याने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मला मात्र उत्तर शोधायला लांब जावे लागले नाही. पुरंदर आणि सिंहगडाच्या उतारांवर एप्रिलच्या उन्हात बाकीचे रान करपलेले असताना जी झुडपे गडद हिरवी दिसतात, त्यांत करवंद ठळकपणे असते. त्याचे पान जाड, चामड्यासारखे आणि वरून तकतकीत असते, त्यामुळे पानातून पाणी कमी उडते. शिवाय खोडाला, फांदीला कुठेही जखम झाली की पांढरा चीक येतो आणि फांद्यांवर दुभंगलेले, टणक काटे असतात, म्हणून जनावरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. कण्हेर आणि सदाफुली ज्या कुळातली, त्याच कुळातले हे झुडूप. फरक एवढाच की याचे पिकलेले फळ आपण आवडीने खातो.

डोंगरावरची रोपे उपटून आणायचा सल्ला अनेकांनी दिला, पण तो मी मानला नाही. वनखात्याच्या जमिनीतले झाड उपटणे हा गुन्हा आहे, हे एक कारण. आणि करवंदाचे सोटमूळ दगडांच्या फटींत इतके खोल गेलेले असते की ते अखंड निघत नाही, हे दुसरे. म्हणून 2019 च्या मे महिन्यात बाजारात पानाच्या द्रोणात करवंदे घेऊन बसणाऱ्या मावशींकडून पूर्ण काळी, मऊ झालेली फळे घेतली. बी लावायचे आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग घरी गेल्या गेल्या लावा ताई, वाळवून डब्यात ठेवाल तर एक बी उगवायचं नाही.” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर कमी होते, त्यामुळे मे महिन्यातले बी पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यात अर्थ नसतो.

फळे पाण्यात कुस्करून, चुलीची राख लावून बिया चोळल्या म्हणजे गराचा आणि चिकाचा बुळबुळीतपणा जातो. मग त्या सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत पेरल्या. पिशव्या मुद्दाम उंच घेतल्या होत्या, कारण या रोपाचा पहिला उद्योग खाली जाण्याचा असतो. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर आले आणि त्यानंतर वर्षभर रोपांनी वाढण्याची कसलीही घाई दाखवली नाही. दिवाळीपर्यंत ती बोटभर उंचीची होती, पण एक पिशवी फाडून पाहिली तेव्हा मूळ तळाला टेकून वळू लागलेले दिसले. कुंपणासाठी रोपे निवडताना उंचीपेक्षा हे मूळ सरळ आहे की नाही, हे पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

लागवड 2020 च्या पावसाळ्यात, जमीन खोलवर भिजल्यानंतर केली. त्याआधी उन्हाळ्यातच हद्दीच्या कडेने सुमारे दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर खणून घेतला होता. निघालेल्या मुरमातले मोठे दगड बाजूला काढले आणि उरलेल्या मुरमात माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून चर भरला. रोपे एका सरळ रांगेत न लावता दोन ओळींत, एकीच्या मधल्या जागेसमोर दुसरीचे रोप येईल अशी लावली आणि दोन रोपांत साधारण अडीच फूट अंतर ठेवले. उताराच्या वरच्या अंगाला मातीचा छोटा बांध घातला, म्हणजे वाहून जाणारे पाणी चरापाशी थबकते. हा बांध म्हणजे माझ्या मते या सगळ्या खटाटोपातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम होय.

आता पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण दुष्काळ सोसणारे झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून पाण्यावाचून जगणारे झाड, असा समज सर्रास आढळतो. डोंगरावरचे करवंद कोरड्या वर्षात टिकते ते त्याची मुळे खालच्या ओलीपर्यंत पोहोचलेली असतात म्हणून; पिशवीतून काढलेल्या रोपाची मुळे वितीएवढ्या मातीत असतात. ती खाली उतरेपर्यंत पाणी द्यावेच लागते, आणि ते अशा रीतीने द्यावे लागते की मुळांना खाली उतरणे भाग पडेल. रोज तांब्याभर पाणी ओतले तर वरची दोन बोटे माती ओली राहते आणि मुळेही तिथेच रेंगाळतात. म्हणून पहिल्या वर्षी परतीचा पाऊस संपल्यावर आठ-दहा दिवसांनी एकदा, पण पाणी पार तळापर्यंत मुरेल इतके दिले. उन्हाळ्यासाठी दोन-दोन रोपांमध्ये बुडाला बारीक भोक पाडून, त्यात सुती वात घातलेली मडकी गळ्यापर्यंत पुरली. मडके भरून वर झाकण ठेवले की पाणी बरेच दिवस जमिनीच्या आतच झिरपत राहते आणि उन्हाने उडून जात नाही. दुसऱ्या वर्षी हेच अंतर तीन आठवड्यांवर नेले. 2022 च्या उन्हाळ्यात मडकी काढून घेतली, आणि त्यानंतर या कुंपणाला आम्ही पाणी घातलेले नाही.

आच्छादनासाठी उसाचे पाचट वापरले. मुरमाड जमिनीत पाचट आले की त्यामागोमाग वाळवी येते, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवून पाचट पसरले आणि वाळवीने मोर्चा पाचटापुरताच ठेवला. पहिली दोन वर्षे बाहेरच्या बाजूने बाभळीच्या काट्यांची कुपाटीही करावी लागली, कारण कोवळ्या करवंदाचे काटे शेळीला अडवण्याइतके टणक झालेले नसतात.

छाटणीच्या बाबतीत आधी स्वतःशीच एक निर्णय करावा लागतो. करवंदाची फुले फांदीच्या शेंड्यांकडे झुबक्यांनी येतात. भिंतीसारखे चौकोनी, गुळगुळीत कुंपण हवे असेल तर वर्षातून अनेकदा कात्री चालवावी लागते आणि त्या कात्रीबरोबर फुलेही जातात. आम्हाला फळे हवी होती, म्हणून कुंपण थोडे अस्ताव्यस्त दिसले तरी चालेल असे ठरवले. छाटणी वर्षातून एकदाच, फळे उतरल्यानंतर पहिल्या पावसाच्या सुमारास करतो. पावसाळ्यात नवी फूट येते आणि तिला फुलोऱ्यासाठी पुढचे काही महिने मिळतात. सुरुवातीच्या वर्षांत मात्र शेंडे दोनदा खुडून रोपांना बुडापासून फुटवे आणले, नाहीतर वर गर्दी आणि खाली मांजर जाईल एवढी भोके, अशी अवस्था होते. छाटताना कातडी हातमोजे आणि जाड तळव्याच्या चपला हव्यातच. चीक कपड्यावर पडला तर डाग सहज निघत नाही, आणि वाळलेला काटा सायकलच्या टायरमधून आरपार जातो. त्यामुळे छाटलेल्या फांद्या मोजून-मापून गोळा कराव्यात. आम्ही त्या नव्या रोपांभोवती कुपाटी म्हणून वापरतो.

जानेवारीच्या अखेरीपासून फुले येऊ लागतात. कळी टोकाला किंचित गुलाबी, फूल पांढरे, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखे, आणि वास जाई-जुईच्या जवळ जाणारा; तो संध्याकाळी अधिक जाणवतो. एप्रिलमध्ये हिरवी फळे मिळतात, त्यांचे लोणचे आणि चटणी होते. ती चिरण्यापूर्वी हाताला आणि विळीला तेल लावले नाही तर चिकाने दोन्ही माखतात. मेच्या मध्यापासून फळे काळी होतात. शेजारची मुले ती तोडण्याआधी ‘कोंबडा की कोंबडी’ असा पैजेचा प्रश्न टाकून मगच चावतात, आतून लाल निघाले तर कोंबडा. बुलबुलांना अशा पैजेत रस नसतो, त्यामुळे वरच्या अंगाची फळे त्यांचीच असे आम्ही गृहीत धरले आहे. ज्यांना फळे मोठी आणि भरपूर हवी असतील त्यांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोंकण बोल्ड’ या जातीचा विचार करावा. आमची रानची फळे लहान आहेत, पण चवीला मला तीच आवडतात.

खरी कसोटी 2023 मध्ये लागली. त्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत पुरंदरही होता. पुढच्या उन्हाळ्यात अंगणातली जास्वंद गेली, मोगरा बुडापर्यंत वाळला आणि घरातले सांडपाणी फळझाडांना पुरवता पुरवता नाकी नऊ आले. करवंदाने काय केले, तर नवी फूट जवळजवळ थांबवली, खालची काही पाने पिवळी करून गाळली, उरलेली पाने थोडी मुडपून घेतली आणि फळे कमी व बारीक धरली. एकही झुडूप मेले नाही. त्या काळात एक-दोनदा पाणी द्यावे असे वाटले होते, पण शेंड्याची साल नखाने खरवडल्यावर आत हिरवी दिसत होती आणि चीकही येत होता, तेव्हा ते पाणी आंब्याला दिले. जूनच्या पावसानंतर पंधरवड्यात लालसर पालवीने सगळे कुंपण भरून आले.

करवंदाला न मानवणारी एकच गोष्ट आमच्या जागेत आहे, ती म्हणजे मोरीच्या पाण्याचा ओला कोपरा. साचलेल्या पाण्यात त्याची मुळे कुजतात, म्हणून तेवढ्या भागात निर्गुडी लावली आहे. ती मुळात ओढ्याकाठची, काडीपासून सहज रुजणारी, आणि तिच्या उग्र वासामुळे शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. करवंदाइतकी दाट ती होत नाही, त्यामुळे त्या कोपऱ्यात तारेची जाळी अजून तशीच ठेवली आहे.